उजवा की डावा?
(कौल, दाणे, रमल आणि एक बाइट)

लहानपणी मे महिन्यात गावी गेलो की आजी एकदा तरी म्हणायची, "उद्या देवाक कौल लावूक जावचा हा." मला वाटायचं, देवळाच्या छपराची कौलं फुटली असणार आणि आजी नवीन कौल बसवायला चाललीय. कौल न घेता ती रिकाम्या हाताने कशी निघते, हे कोडं मला पाचवीपर्यंत सुटलं नव्हतं. हसू नका, वाचकहो. 'कौल' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते योगायोगाने एकसारखे दिसतात, हे कळायला मला थर्ड इयर उजाडावं लागलं. या लेखाची सुरुवातही तिथूनच झाली.

आम्ही राहतो उमेळ्याला. नायगाव स्टेशनवर उतरायचं आणि पश्चिमेला यायचं. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला वाड्या आणि मध्ये आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगा. मूळ गाव कणकवलीजवळ. म्हणजे पत्ता वसईचा, पण देव सिंधुदुर्गातला. दोन वर्षांपूर्वी या दोन पत्त्यांमध्ये आमच्या घराची चांगलीच ओढाताण झाली.

आजीच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि ऑपरेशन लवकरात लवकर करा म्हणून सांगितलं. बाबांनी तारीखही घेतली. आजी शांतपणे म्हणाली, "देवाक इचारल्याशिवाय माका सुरी लावूची नाय." बाबा चिडले, आई रडली, मी इंटरनेटवरून काढलेले आकडे वाचून दाखवले. आजीवर काही परिणाम झाला नाही. शेवटी दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडून मी, बाबा आणि आजी गावी गेलो. त्या देवळात काय झालं ते पुढे सांगतो. आधी थोडा अभ्यास करू, कारण परत आल्यावर मी रागाच्या भरात तेच केलं होतं.

कौल म्हणजे शब्द

ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देवाच्या मूर्तीला किंवा पाषाणाला गुरव ओल्या कळ्या, पाकळ्या, पानं किंवा तांदळाचे दाणे उजव्या-डाव्या बाजूंना चिकटवतो. मग देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न मोठ्याने सांगतो. जमलेली मंडळी मध्येमध्ये "व्हय म्हाराजा" म्हणतात. नंतर सगळे गप्प बसून वाट बघतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गोव्यात यालाच 'प्रसाद लावणे' म्हणतात. लग्न, जमीन, विहीर, आजारपण, भावाभावांतली भांडणं असं काहीही विचारतात.

छपराचं कौल वेगळं आणि हा कौल वेगळा. हा शब्द अरबी 'कौल' वरून आलेला आहे. त्याचा अर्थ बोलणं, वचन, दिलेला शब्द. कव्वाली हा शब्दही त्याच मुळाचा. मराठीत तो राज्यकारभारातून आला. जुन्या काळी रयतेला जमीन कसायला देताना सरकार जे अभयपत्र देई तो 'कौलनामा'. 'कौलकरार' हा शब्द कागदपत्रांत सापडतो आणि निवडणुकीनंतर पेपरवाले आजही 'मतदारांचा कौल' असा मथळा देतात.

आता गंमत बघा. कोकणातल्या देवळात गाभाऱ्यात अरबी शब्द कसा पोचला? मला वाटतं, याचं उत्तर त्या गाऱ्हाण्यात आहे. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. रयत तक्रार घेऊन जाते, समोर 'म्हाराजा' बसलेला असतो आणि तो कौल देतो. ही सगळी भाषा कचेरीची आहे. गावचा धनी देवच, अशी ज्यांची समजूत, त्यांनी धन्याशी बोलायला कचेरीचेच शब्द वापरले. म्हणजे आजी देवाला भविष्य विचारत नव्हती. ती देवाकडे लेखी हमी मागत होती, फक्त कागदाच्या जागी कळी होती.

'उजवा' शब्दही पाहण्यासारखा आहे. तो 'ऋजु', म्हणजे सरळ, या शब्दाच्या घराण्यातला. सरळ ते उजवं आणि उजवं ते चांगलं. लॅटिनमध्ये डाव्याला 'सिनिस्टर' म्हणतात आणि इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ अशुभ, कपटी असा झाला. डावखुऱ्या मित्रांनी राग मानू नये. हा अन्याय जगभर झालेला आहे!

शकुन म्हणजे पक्षी

शब्द उकलायची एकदा चटक लागली की सुटत नाही. 'शकुन' हा आपण रोज वापरतो. संस्कृतात 'शकुन' म्हणजे पक्षी. पक्षी कुठून कुठे उडाला, कोणत्या बाजूला ओरडला, यावरून अंदाज बांधत, म्हणून पक्ष्याचं नाव अंदाजाला मिळालं. रोमन लोकांचंही तेच. लॅटिनमध्ये 'आविस' म्हणजे पक्षी, आणि पक्षी पाहणं यावरून इंग्रजीतला 'ऑस्पिशस' आला. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा, भविष्य सांगणारा पिंगळा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पिंगळा हे एका लहान घुबडाचंही नाव आहे.

'भगत' हा 'भक्त' वरून आला, 'जोशी' हा 'ज्योतिषी' वरून. 'होरा' हा ग्रीक 'होरा', म्हणजे तास किंवा वेळ. इंग्रजी 'अवर' त्याचाच भाऊ. मी वर दोनदा 'अंदाज' म्हटलं, तो फारसी. त्याच्या मुळाशी 'फेकणे' हे क्रियापद आहे. तीर फेकणारा तो तिरंदाज, गोळा फेकणारा तो गोलंदाज आणि आपण व्हायवाला जे फेकतो तो अंदाज!

आता जरा लांब जाऊ या, थेट आफ्रिकेत. कुडमुडे वाजवत येतो म्हणून आपल्याकडे 'कुडमुडे जोशी' म्हणतात. वाद्यावरून माणसाचं नाव पडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांत भविष्य पाहणाऱ्याला 'इसांगोमा' म्हणतात आणि हा शब्द 'न्गोमा', म्हणजे ढोल, याच्याशी जोडला जातो. न्गोमा हा शब्द बांटू भाषांमध्ये लांबवर पसरलेला आहे. स्वाहिलीतही ढोल आणि ढोलावरचं नाचगाणं म्हणजे न्गोमाच. तो समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. गुजरातच्या सिद्दी लोकांच्या नाचगाण्याला 'गोमा' म्हणतात. मुरूडच्या जंजिऱ्यावर १९४८ पर्यंत सिद्दी नबाबांचं राज्य होतं. आमच्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते आणि त्यांच्या जहाजांतून आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून या किनाऱ्यावर आणली गेली. तेव्हा आफ्रिका आपल्याला वाटते तेवढी परकी नाही.

तिकडच्या वैद्य-भगताला कोंगो भाषेत 'न्गांगा', स्वाहिलीत 'म्गांगा' आणि झिंबाब्वेतल्या शोना भाषेत 'नांगा' म्हणतात. हजारो मैलांवरच्या भाषांत शब्दाचं मूळ एकच. म्हणजे या भाषा एकमेकींपासून फुटण्याआधीच हा माणूस त्यांच्या गावात होता. शब्द ही अशी जुनी नोंदवही असते.

पण सावध राहायला हवं. नायजेरियातल्या योरुबा लोकांत अशा जाणकाराला 'बाबालावो' म्हणतात, म्हणजे 'गुपितांचा बाप'. त्यातला 'बाबा' म्हणजे बापच. म्हणून लगेच मराठी आणि योरुबा सख्ख्या बहिणी ठरत नाहीत. लहान मुलाला सोपे जाणारे आवाज जगभर सारखेच असतात, इतकंच. कौल आणि कौल यांची गंमत आपण पाहिलीच.

वाळूपासून बाइटपर्यंत

इथून पुढचा भाग खास आपल्या ब्रँचसाठी. कौल म्हणजे बघा, शून्य किंवा एक. एक बिट. आता हा बिट वाढवत नेऊ.

'रमल' हा शब्द जुन्या मराठी पुस्तकांत भेटतो. अरबीत 'रम्ल' म्हणजे वाळू. वाळूत न मोजता भराभर टिंबांची ओळ काढायची. मग दोन दोन टिंबं खोडत जायचं. शेवटी एक उरतं किंवा दोन. हे आपलं मॉड्यूलो टू! अशा चार ओळींची एक आकृती. म्हणजे चार बिट, दोनाचा चौथा घात, एकूण १६ आकृत्या.

अशा चार आकृत्या काढतात, त्यांना 'माता' म्हणतात. मातांच्या पहिल्या ओळी घेऊन पहिली कन्या, दुसऱ्या ओळी घेऊन दुसरी, अशा चार 'कन्या'. हे सरळ सरळ मॅट्रिक्सचं ट्रान्सपोज आहे. मग दोन दोन आकृत्यांची बेरीज करत जायचं. एक आणि एक मिळून दोन, दोन आणि दोन मिळूनही दोन, एक आणि दोन मिळून एक. ट्रुथ टेबल मांडून बघा, एक्सॉर गेट दिसेल. असं करत शेवटी दोन 'साक्षीदार' आणि त्यांच्या बेरजेतून एक 'न्यायाधीश' उरतो. पुन्हा कचेरीची भाषा!

खरी मजा पुढेच आहे. या न्यायाधीशाच्या टिंबांची संख्या नेहमी समच येते. कारण कन्यांमध्ये मातांचेच बिट परत आलेले असतात. प्रत्येक बिट दोनदा मोजला जातो, त्यामुळे बेरीज सम होणारच. विषम आली तर आकडेमोडीत चूक झाली असं रमल पाहणारा समजतो. म्हणजे पॅरिटी चेक. जो आपण कम्युनिकेशनच्या पेपरला पाठ करतो, तो वाळूत बोट फिरवणारा माणूस शेकडो वर्षं वापरत होता.

रमलाचे भाऊबंद आफ्रिकेत खूप आहेत. मादागास्करमध्ये बियांनी मांडतात त्याला 'सिकिदी' म्हणतात. आणि योरुबांचं 'इफा' तर आठ बिटांचं आहे. बाबालावो पामच्या १६ बिया एका हातात घेतो आणि दुसऱ्या हाताने झटकन उचलतो. एक बी मागे राहिली तर लाकडी पाटावरच्या भुकटीत दोन रेघा ओढतो, दोन राहिल्या तर एक रेघ. हो, उलट. मध्ये नॉट गेट बसवलंय असं समजा! असं आठ वेळा. दोनाचा आठवा घात २५६. इफामध्ये २५६ 'ओदू' आहेत आणि प्रत्येक ओदूला जोडलेली पद्यं आणि कथा तोंडपाठ करायला कित्येक वर्षं जातात. युनेस्कोने २००५ मध्ये इफाला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिलं. एका बाइटमध्ये बसणारी अनुक्रमणिका आणि तिच्यामागे अख्खं ग्रंथालय, तेही कागदाशिवाय.

रॉन एग्लॅश या अमेरिकन अभ्यासकाने तर असं मांडलं आहे की ही आफ्रिकी पद्धत अरबांमार्फत स्पेनमध्ये गेली आणि तिची परंपरा पुढे लायब्निझपर्यंत पोचते. लायब्निझचा द्विमान अंकांवरचा लेख १७०३ चा. हे मत सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. पण बाराव्या शतकात स्पेनमध्ये रमलाच्या अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली, एवढं नक्की.

मला सगळ्यात आवडली ती इफाची एक रीत. विचारायला आलेला माणूस आपला प्रश्न बाबालावोला सांगतच नाही. तो नाण्याशी कुजबुजतो आणि ते नाणं खाली ठेवतो. बाबालावो ओदू काढून त्याची पद्यं एकामागून एक म्हणत राहतो. कुठलं पद्य आपल्या प्रश्नाला लागू पडतं, हे ऐकणारा माणूस स्वतः ओळखतो. म्हणजे यंत्र बिट देतं, अर्थ माणूस लावतो.

हे वाचलं आणि मला गावचं देऊळ आठवलं.

त्या दिवशी देवळात

आमच्या गुरवकाकांनी कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: म्हातारीने ऑपरेशन करून घ्यावं काय? आम्ही जवळजवळ वीस मिनिटं बसलो. कळी पडली ती डावी. बाबांनी पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा डावी. आजीने पदर सारखा केला आणि उठायला लागली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. मला ते बघून भीती वाटली.

गुरवकाका म्हणाले, "बस गे. गाऱ्हाणाच चुकला." मग त्यांनी शब्द बदलले. "देवा म्हाराजा, ही तुझी लेकरू डॉक्टराकडे जाता. तिच्या पाठीशी उभो रवतलंस काय?" व्हय म्हाराजा, बाबा जवळजवळ ओरडलेच. यावेळी उजवी पडली.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. आजी आज घरात आहे आणि रिमोट कोणाला देत नाही.

परत येताना गाडीत मी हिशोब केला. उजवा-डावा सारख्याच शक्यतेचे धरले, तर तीन वेळा विचारल्यावर एकदा तरी उजवा पडण्याची शक्यता ७/८, म्हणजे ८७.५ टक्के. कळीला आजीची गाठ माहीत नव्हती. किती ओली आहे, किती जड आहे, वारा कुठून येतो, एवढंच तिला माहीत. निघताना मी काकांना विचारलं होतं, तिसऱ्यांदाही डावी पडली असती तर? ते हसले. "मगे आणखी एक गाऱ्हाणा घालूचा."

तेव्हा मला ही शुद्ध लबाडी वाटली. आता तसं वाटत नाही. आजीला पर्सेंटेज नको होतं, तिला भीती वाटत होती. ते काकांनी ओळखलं. 'करू की नको' हा प्रश्न देवाचा नव्हताच, तो डॉक्टरांचा होता. 'पाठीशी राहशील का' हा देवाचा. दोन प्रश्न दोन ठिकाणी गेले आणि आजी वाचली. पण खरं सांगतो, त्या जागी दुसरा कोणी गुरव असता, डावा कौल प्रमाण मानून त्याने आम्हाला परत पाठवलं असतं, तर? हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. एका बिटावर एक माणूस टांगलेलं होतं.

दाणे

हा लेख मी इथेच संपवणार होतो. पण उमेळ्यात आमच्या बिल्डिंगमागच्या वाडीवर एक म्हातारे वारली बाबा राखणीला असतात. मूळचे जव्हारकडचे. मी त्यांना उत्साहाने माझं एक्सॉर आणि पॅरिटी सांगायला गेलो. त्यांच्याकडे भगत तांदळाचे दाणे पाहतो, हे मला ठाऊक होतं. बाबांनी चार दाणे उचलून दाखवलेही. जोड्या काढायच्या, एक उरला की जोडी जुळली ते बघायचं. पुन्हा मॉड्यूलो टू! मी खूश झालो.

मग ते बराच वेळ गप्प बसले आणि आपल्या आतेची गोष्ट सांगितली. ते लहान असताना पाड्यातलं एक मूल तापाने गेलं. भगताने दाणे पाहिले. प्रश्न होता, "कोनी केला?" एकेका घराचं नाव घेत दाणे टाकले. दाणे आतेच्या नावावर थांबले. ती विधवा होती, थोडी जमीन होती. तिला भुताळी ठरवलं. एका रात्री ती पाडा सोडून गेली, परत आली नाही. जमीन कोणी घेतली ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मी म्हटलं, "दाणे खोटं बोलले ना, बाबा?"

"दानं खोटं बोलत नाय. दान्याला काय ठाव? इचारनारा खोटा."

मित्रांनो, माझ्या सगळ्या अभ्यासात हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. कौल आणि दाणे, यंत्र एकच, एक बिट. 'पाठीशी राहशील का' विचारलं तर माणसाला धीर देऊन दवाखान्यात पाठवता येतं. 'कोणी केलं' विचारलं तर कुणाचं तरी नाव निघणारच. तो प्रश्नच असा आहे की त्याला 'कोणी नाही' हे उत्तर चालत नाही. गावात दहा घरं असतील आणि एकेकाचं नाव घेत गेलं, तर कुठेतरी दाणा थांबतो. यासाठी गणित नको, साधी बुद्धी पुरे.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. झुलूंमध्येही इसांगोमाने चेटूक करणाऱ्याला 'हुंगून काढण्याची' रीत होती. दक्षिण आफ्रिकेत १९५७ च्या कायद्याने एखाद्याला चेटूक करणारा म्हणून बोट दाखवणं गुन्हा ठरवलं. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्यात कौल लावणं गुन्हा नाही. पण एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणं गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं हाही गुन्हा आहे. मला ही रेघ बरोबर जागी ओढलेली वाटते. बाबांच्या आतेसाठी ती फार उशिरा ओढली गेली.

आपण इंजिनिअर होणार. उद्या आपण बनवलेली यंत्रंही माणसांविषयी हो किंवा नाही सांगतील. कर्ज द्यायचं का, नोकरी द्यायची का, संशय घ्यायचा का. बिट अचूक आहे की नाही हे आपण चोख तपासू. प्रश्न कोणी विचारला आणि कोणाबद्दल विचारला, हे तपासायची सवय लावून घ्यायला हवी, एवढंच म्हणतो.

असो. गेल्या महिन्यात आजीची सहा महिन्यांची तपासणी होती. बाबांनी घाबरत घाबरत विचारलं, "गावाक जावक् होया काय? कौल लावूक?"

आजीने टीव्हीवरची नजर काढली नाही. "कित्याक? त्येना शब्द दिलोहा मां? परत परत इचारूचा नाय." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "डॉक्टराक मात्र सगळा नीट इचार. लिहून घेऊन जा."

मी वहीच्या शेवटच्या पानावर अकरा प्रश्न लिहून नेले होते.